कोरियाचे युद्ध आणि प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी

बौद्ध वाचकांना धर्मानंद कोसंबी हे नाव नवे नाही. ज्यांच्या घरी दोन-चार धम्मग्रंथ आहेत त्यांच्या फळीवर 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ बहुधा असतोच. परंतु धर्मानंदांचे चिरंजीव प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. ज्यांना ते ठाऊक आहेत त्यांना इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. जुनी नाणी तराजूत टाकून त्यांतून इतिहास काढणारा, कार्ल्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या जुन्या वाटा पायी तुडवणारा हा विद्वान होय. गणिताचे अभ्यासक त्यांना गणिती म्हणून ओळखतात. त्यांची तिसरी ओळख मात्र मागे पडली आहे. आपल्यापासून हजारो मैल दूर असलेल्या कोरियात पेटलेल्या युद्धाविरुद्ध आणि अणुबॉम्बविरुद्ध त्यांनी लेखणी चालवली. तीही अशा संस्थेत नोकरी करीत असताना, की जेथून या देशाचा अणुशक्तीचा कार्यक्रम जन्माला आला. त्या तिसऱ्या ओळखीविषयी प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे.

प्रथम वडिलांविषयी थोडे लिहिणे अगत्याचे आहे, कारण मुलाच्या विचारांचे मूळ निदान काही अंशी तेथे आहे. धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि हा माणूस आतून हलला. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असे भटकत ते सिंहलद्वीपाला पोहोचले, तेथे त्यांनी दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. परत आल्यावर सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि लिहावे. पुढे हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनासाठी त्यांना वारंवार बोलावणे आले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. मुंबईत परळ भागात कामगारांच्या वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. १९४७ च्या ४ जूनला सेवाग्राम येथे त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला.

याच धर्मानंदांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा जुना वृत्तांत तपासून पाहिला. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून २९ वर्षांच्या राजपुत्राला वैराग्य आले, ही गोष्ट त्यांच्या बुद्धीला पटेना. जगातील दुःख एकोणतीस वर्षे ज्याच्या दृष्टीस पडलेच नाही असा माणूस असेल कसा? त्यांनी 'सुत्तनिपाता'तील अत्तदण्ड सुत्त हाती घेतले. शस्त्र उचलल्यामुळे भय उत्पन्न होते आणि आटलेल्या पाण्यातील मासोळ्यांसारखी माणसे तडफडताना पाहून आपण उद्विग्न झालो, असा त्या सुत्ताचा आशय आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात चाललेली भांडणे, हे गृहत्यागाचे खरे कारण असावे असा विचार धर्मानंदांनी मांडला. 'बोधिसत्त्व' हे नाटकही त्यांनी त्यावर लिहिले.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हाच प्रसंग किती तपशिलाने रंगवला आहे हे वाचकांना सांगावयास नको. शाक्य संघाच्या सभेत सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उठून विरोध करतो आणि दोन्ही बाजूंचे पंच नेमून निवाडा करावा असे सुचवतो. प्रचंड बहुमताने युद्धाचा ठराव मंजूर होतो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा प्रस्ताव येतो तेव्हा सिद्धार्थ आपण शस्त्र घेणार नाही असे जाहीर करतो. मग त्याला धाक कशाचा दाखवला जातो? फासाचा किंवा हद्दपारीचा नव्हे, कारण त्यासाठी कोशलराजाची परवानगी लागली असती. धाक दाखवला जातो तो कुटुंबावरील सामाजिक बहिष्काराचा आणि जमीन जप्त करण्याचा! बहिष्कार म्हणजे काय हे ज्यांच्या आजा-पणज्यांनी भोगले आहे त्यांना या प्रसंगाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. घरच्यांवर संकट येऊ नये म्हणून सिद्धार्थ स्वतः परिव्रज्या पत्करतो. शाक्य आणि कोलिय यांचा समेट झाल्याची वार्ता त्याच्या कानी येते, पण तो घरी परतत नाही. युद्ध थांबले तरी कलहाचे कारण शिल्लक आहे, ते शोधले पाहिजे, असे त्याला वाटते.

हा प्रसंग मी सविस्तर सांगितला याला कारण आहे. दामोदर कोसंबींच्या युद्धविरोधाची जात हीच आहे.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. १९१८ साली वडील पुन्हा हार्वर्डला निघाले तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि ११ वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावी हा मुलगा शाळा शिकला. मध्ये थोडा काळ भारतात येऊन तो १९२६ ला परत गेला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी सर्वोच्च सन्मानाने घेऊन बाहेर पडला. गणित हा त्याचा विषय. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन या भाषा त्याने अशा आत्मसात केल्या होत्या की जणू घरच्याच. अशा माणसाला अमेरिकेत पोटापाण्याची ददात पडली नसती. पण ते परत आले. काशीचे हिंदू विश्वविद्यालय, नंतर अलीगढ, आणि पुढे जवळजवळ बारा वर्षे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज अशी त्यांनी नोकरी केली. त्यांच्या गणिताविषयी मी अधिक लिहीत नाही, तो माझा विषय नव्हे. आनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाचे एक सूत्र अजून वापरले जाते आणि १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दुसरे महायुद्ध चालू होते तेव्हा कोसंबी पुण्यात होते. युद्ध युरोपात आणि ब्रह्मदेशात, पण माणसे मेली बंगालात. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. हा आकडा ३० लाखांपर्यंत सांगितला जातो. त्याच काळात धान्य आणि कापड यांच्या काळ्याबाजारात काही घरांनी अमाप पैसा केला. १९४६ साली पंडित नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथाचे परीक्षण करताना कोसंबींनी या गोष्टीवर बोट ठेवले. नेहरूंविषयी त्यांना आदर होता. पण उपाशी मेलेल्यांच्या जिवावर जे भांडवल जमले तेच उद्याच्या स्वतंत्र भारतात सत्तेच्या शेजारी बसणार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. युद्ध कोठे होते आणि त्याचा नफा व तोटा कोणाच्या पदरी पडतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले.

आमच्या भागातील माणसाला याचा दाखला पुस्तकात शोधावा लागत नाही. आज ज्याला उल्हासनगर म्हणतात तो त्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी तळ होता. युद्ध संपले, तळ रिकामा झाला, फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे त्या बराकींत आणून ठेवली गेली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, पण रिक्षावाल्याला आजही कॅम्प नंबर तीन किंवा कॅम्प नंबर चार असेच सांगावे लागते. पुढे अंबरनाथला लष्करी सामानाचा सरकारी कारखाना आला. कुळगाव, बदलापूर, अंबरनाथ या पट्ट्यातील किती घरांच्या चुली त्यावर पेटल्या! माझ्या वर्गातील एका मुलाने मला विचारले होते की, सर, लढाई वाईट असेल तर आमच्या आजोबांनी काय करायला हवे होते? प्रश्न खोटा नाही. कोसंबींच्या लिखाणात त्याचे उत्तर अर्धेच सापडते. दोष कामगाराचा नाही, ज्या व्यवस्थेत शस्त्रे केल्याशिवाय कारखाने चालत नाहीत आणि माणसांना काम मिळत नाही त्या व्यवस्थेचा आहे, असे ते दाखवतात. आजोबांनी काय करावे हे मात्र ते सांगत नाहीत.

१९४५ च्या ऑगस्टात ६ तारखेला हिरोशिमा आणि ९ तारखेला नागासाकी ही शहरे अणुबॉम्बने बेचिराख झाली. त्याच वर्षी डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. कोसंबींची विद्वत्ता भाभांना ठाऊक होती. त्यांनी आपण होऊन कोसंबींना संस्थेत बोलावले. १९४६ पासून १६ वर्षे कोसंबी तेथे होते. घर पुण्यात आणि संस्था मुंबईत, तेव्हा डेक्कन क्वीनने जाणे-येणे. ही गाडी रोज आमच्या कुळगावच्या स्टेशनावरून धडाडत निघून जाते, थांबत नाही.

१९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी ते इंग्लंड-अमेरिकेला गेले. शिकागोत त्यांनी भूमिती शिकवली, प्रिन्स्टनला राहिले. वीस वर्षांनी पाहिलेली ही अमेरिका वेगळी होती. महायुद्ध जिंकले होते, बॉम्ब हाती होता, आणि विद्यापीठांतील संशोधनाला पैसा लष्कराकडून येऊ लागला होता. शास्त्रज्ञाच्या कपाटाला कुलूप लागले होते. शास्त्रज्ञ स्वतःला स्वतंत्र समजतो, पण त्याला पगार कोण देतो आणि कशासाठी देतो हा प्रश्न तो विचारीत नाही, हा विषय त्यांनी १९५२ च्या 'सायन्स अँड फ्रीडम' या लेखात मांडला. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना उद्देशून तो लिहिलेला असला तरी पुढे दहा वर्षांनी त्यातले पुष्कळसे त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आले.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध सुरू झाले. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. कोरिया १९१० पासून ३५ वर्षे जपानचा गुलाम होता. जपान हरला तेव्हा ३८ व्या अक्षांशावर रेघ ओढून उत्तर भाग रशियाच्या आणि दक्षिण भाग अमेरिकेच्या ताब्यात गेला. १९५० च्या जूनमध्ये उत्तरेचे सैन्य ती रेघ ओलांडून दक्षिणेत शिरले. अमेरिका आणि तिच्या बाजूची राष्ट्रे संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली उतरली, वर्षअखेरीस चीनही उतरला. उत्तर कोरियाची शहरे बॉम्बवर्षावाने जमीनदोस्त झाली. १९५० च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी अणुबॉम्बच्या वापराचा विचार चालू असल्याचे सूचित केले तेव्हा सारे जग हादरले. २७ जुलै १९५३ रोजी युद्धबंदी झाली. तोवर वीस लाखांहून अधिक माणसे मेली होती, त्यांत शेतकरी, बाया, पोरे हीच अधिक. आणि रेघ होती जवळजवळ तेथेच राहिली.

भारताने या युद्धात सैनिक लढायला पाठवले नाहीत, वैद्यकीय पथक पाठवले. युद्धबंदीनंतर कैद्यांच्या देखरेखीसाठी भारताची फौज गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे मराठी माणूस. नेहरूंनी समेटाचा प्रयत्न केला हेही खरे. पण त्याचा राग भारताला कसा सोसावा लागला पाहा. १९५० च्या अखेरीस भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितले. देशात टंचाई होती, रेशनच्या रांगा होत्या. तेथील काँग्रेसमध्ये महिनोन्‌महिने चर्चा झाली. कोरियाच्या बाबतीत भारत आपल्या बाजूने बोलत नाही हे तेथल्या अनेकांच्या मनात सलत होते. शेवटी १९५१ च्या जूनमध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा झाला. दान नव्हे, कर्ज. भुकेला माणूस दारात उभा आणि आतल्या घरात त्याच्या वागणुकीची चौकशी चालली आहे, असा हा प्रकार होता.

'इम्पीरियलिझम अँड पीस' हा कोसंबींचा लेख याच १९५१ चा आहे. त्यांचे प्रतिपादन असे की, शांतता म्हणजे केवळ तोफा गप्प असणे नव्हे. कोरियातच नव्हे, मलायात आणि इंडोचायनातही परके सैन्य लढत आहे, आणि जेथे लढत नाही तेथे पुढच्या लढाईची तयारी चालू आहे. एका देशात भाव पडू नयेत म्हणून पिकलेले अन्न नष्ट केले जाते आणि दुसऱ्या देशात त्याच वेळी लोक उपाशी असतात. अन्नाला गिऱ्हाईक नाही कारण उपाशी माणसाकडे पैसा नाही. तोफेला मात्र हमखास गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे सरकार. म्हणून युद्ध हा धंदा बंद होऊ शकत नाही. भांडणाचे मूळ भांडणाऱ्यांच्या स्वभावात न शोधता समाजाच्या रचनेत शोधणे, ही शाक्य-कोलियांच्या युद्धाबाबत बाबासाहेबांनी दाखवलेली दिशा येथे वाचकांना आठवेल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कोसंबी मार्क्सचा अभ्यास असलेले आणि ती विचारपद्धती मानणारे होते. उत्तरेच्या सैन्याने रेघ ओलांडली याबद्दल त्यांच्या लेखणीने जेवढी कठोरता दाखवायला हवी होती तेवढी दाखवली नाही, असे माझे मत आहे. अमेरिकन बॉम्बकडे पाहताना त्यांची दृष्टी जेवढी तीक्ष्ण होती तेवढी ती मॉस्कोकडे पाहताना नव्हती. अर्थात पक्षाच्या पोथीनिष्ठ माणसांशीही त्यांचे कधी पटले नाही, आणि त्यांच्यावर त्यांनी उघड टीका केली.

बाबासाहेबांचा मार्ग निराळा होता. रशिया-चीनच्या राजवटींविषयी त्यांना विश्वास वाटत नव्हता, आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी हिंसा व हुकूमशाही यांचा मार्ग स्पष्टपणे नाकारला. परंतु एका जागी हे दोघे एकाच हिशेबाकडे पाहत होते. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी जी कारणे सांगितली त्यांत परराष्ट्र धोरण हे एक होते. वर्षाला ३५० कोटी रुपयांचा महसूल, आणि त्यांतील १८० कोटी रुपये लष्करावर! हा खर्च आपल्या परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे आणि त्यामुळे देशाच्या गरजा मागे पडतात, ही त्यांची तक्रार होती. आपल्याला मित्र उरले नाहीत म्हणून हा भार पडतो असे बाबासाहेब म्हणत. साऱ्या जगाचीच घडी युद्धावर बसली आहे असे कोसंबी म्हणत. कारणमीमांसा वेगळी, पण दोघांनीही बाहेरच्या भांडणाचा खर्च घरातल्या कोणत्या ताटातून जातो हे मोजून पाहिले. शिवाय दोघेही सरसकट अहिंसावादी नव्हते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी केलेला भेद आपणांस ठाऊक आहेच. गुलाम देशाने स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचलले तर कोसंबींनी त्याला दोष दिला नाही.

अणुबॉम्बवर बंदी घालावी, अशी मागणी करणारे एक आवाहन १९५० च्या मार्चमध्ये स्टॉकहोम येथे निघाले. जगभर कोट्यवधी लोकांनी त्यावर सह्या केल्या. या चळवळीचे अध्यक्ष होते नोबेल पारितोषिक मिळवलेले फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेदेरिक जोलिओ-क्यूरी. फ्रान्स सरकारने १९५० च्या एप्रिलमध्ये त्यांना अणुशक्ती आयोगाच्या प्रमुखपदावरून काढून टाकले. अमेरिकेत हे आवाहन लोकांपर्यंत नेणाऱ्यांत निग्रो समाजाचे थोर नेते व विद्वान डॉ. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे होते. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. १९५१ साली, वयाची ८३ वर्षे पूर्ण होत असताना, परकीय हस्तक म्हणून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. गुन्हेगाराप्रमाणे बेड्या पडल्या. न्यायालयात ते निर्दोष सुटले, पण पुढे कित्येक वर्षे त्यांना परदेशी जाण्याचा परवाना मिळाला नाही. आपल्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या माणसाने परक्या देशातल्या युद्धात कशाला पडावे, असे त्यांच्या चळवळीतल्याही पुष्कळांना वाटले आणि ते दूर झाले. एकटे पडणे म्हणतात ते हे.

कोसंबी जागतिक शांतता परिषदेचे सदस्य झाले. या कामासाठी ते बीजिंग, हेलसिंकी, मॉस्को येथे गेले. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत ते अनेकदा चीनला जाऊन आले. याच काळात त्यांचे इतिहासाचे कामही चालू होते, ते थांबले नाही. १९५६ साली 'अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' हा ग्रंथ निघाला. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाली आणि बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, ते हेच वर्ष. त्याच वर्षी कोसंबींनी बौद्ध धम्माच्या भारतातील ऱ्हासावर एक लेख लिहिला. यज्ञात शेतकऱ्यांची गुरे कापली जात, त्या काळात प्राणिहत्येला विरोध करणारा हा धम्म शेती करणाऱ्या समाजाला तारक ठरला. पुढे विहारांत संपत्ती साठली, भिक्षू राजे व व्यापारी यांच्यावर अवलंबून राहिले आणि सामान्य माणसाशी त्यांचा संबंध तुटला, अशी त्यांची मांडणी आहे. ती सर्वांना मान्य होणार नाही. परक्या आक्रमणाचा आणि ब्राह्मणी सत्तेचा वाटा त्यांनी कमी धरला, असे म्हणणारे आपल्यात आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही विहारात जाणाऱ्या प्रत्येकाने हा लेख एकदा वाचावा.

आता भाभांशी झालेल्या मतभेदाकडे वळू. १९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला, १९५४ साली स्वतंत्र खाते झाले, १९५६ च्या ऑगस्टात तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. या सर्वांच्या मध्यभागी भाभा होते, आणि भाभांच्याच संस्थेत बसून कोसंबी विचारीत होते की हे कोणासाठी? १९५७ साली त्यांच्या निबंधांचे पुस्तक पुण्यात छापले गेले. त्यात सूर्य की अणू असा प्रश्न करणारा एक लेख आहे. भारतासारख्या गरीब, उन्हाच्या देशाने अब्जावधी रुपये अणुभट्ट्यांत ओतण्याऐवजी सूर्याच्या उष्णतेपासून ऊर्जा मिळवण्याचे संशोधन करावे. ऊन प्रत्येक गावात पडते, त्यासाठी शेकडो मैलांच्या तारा नकोत. अणूचे विषारी अवशेष पिढ्यान्‌पिढ्या राखावे लागतात, आणि अणुशक्तीचा कारभार बॉम्बपासून व गुप्ततेपासून कधीच पुरता सुटा करता येत नाही. १९६० साली पुण्यात दिलेल्या एका व्याख्यानातही त्यांनी हेच सांगितले, आणि लहान धरणे व झाडे लावणे यांवर भर दिला. छपरावर सौर पाट्या बसवणे आज आमच्या बदलापुरातील सोसायट्यांनाही नवलाचे राहिलेले नाही, परंतु त्या काळी एका गणित्याने असे बोलणे म्हणजे वेडगळपणा समजला गेला.

१९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. गणिताकडे त्यांचे लक्ष राहिले नाही, असे कारण पुढे करण्यात आले. यातही एक धागा खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. गणितातील एका अत्यंत अवघड, शंभर वर्षे न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला सापडल्याचा दावा त्यांनी १९५९ च्या सुमारास शेतकी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला होता. तो टिकला नाही आणि गणितज्ञांत त्यांचे हसे झाले. भाभांनी बरीच वर्षे त्यांना मनाप्रमाणे काम करू दिले हेही विसरून चालणार नाही. पण ज्याच्या नाणी, शिलालेख, संस्कृत सुभाषिते या सर्व उद्योगांकडे संस्थेने सोळा वर्षे कानाडोळा केला त्याच्या उद्योगांची आठवण नेमकी त्याने अणुशक्तीवर बोट ठेवल्यानंतर व्हावी, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले. चीनला वारंवार जाऊन आलेल्या माणसाकडे त्या दिवसांत लोक कोणत्या नजरेने पाहत असतील याची कल्पना करता येते.

सिद्धार्थाला संघ सोडावा लागला तेव्हा त्याने वन गाठले. कोसंबींनी पुण्याभोवतीच्या टेकड्या गाठल्या. ५५ वर्षांचा हा माणूस, हाती काठी, सांध्यांचे दुखणे, आणि अश्मयुगातील गारगोटीची हत्यारे वेचीत हिंडतो. धनगरांशी बोलतो, गावदेवीच्या तांदळ्यांची टिपणे करतो. १९६२ मध्येच 'मिथ अँड रिअॅलिटी' आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा मोठा ग्रंथ निघाला. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून मान्यता दिली, तेव्हा कोठे बसायला जागा झाली.

१९६४ च्या १६ ऑक्टोबरला चीनने पहिला अणुस्फोट केला. आठ दिवसांनी भाभांनी आकाशवाणीवर भाषण करून बॉम्ब किती स्वस्तात होऊ शकतो याचे आकडे दिले. दहा किलोटनांचा एक स्फोट साडेसतरा लाख रुपयांत! अणू आणि बॉम्ब यांना वेगळे ठेवता येत नाही, हे कोसंबी सात वर्षांपूर्वी सांगून चुकले होते. पुढे १९६६ साली दोघेही गेले. २४ जानेवारीला आल्प्स पर्वतावर विमान कोसळून भाभांचा अंत झाला. २९ जूनला पुण्यात कोसंबी झोपले ते उठलेच नाहीत. त्यांचे वय ५८ होते. १९८० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना मरणोत्तर पुरस्कार दिला आणि २००८ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. बक्षिसांच्या कामी सरकारला मेलेली माणसे सोयीची पडतात. असो.

१८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळवंटात भारताने आपला पहिला अणुस्फोट केला, आणि त्या स्फोटाला सांकेतिक नाव मिळाले ते बुद्धाच्या स्मिताचे. रोहिणीच्या पाण्यावरून होणारे युद्ध नको म्हणून ज्याने घर सोडले, त्याचे नाव! दुसऱ्यांदा स्फोट झाले ते ११ आणि १३ मे १९९८ रोजी. त्यांतील ११ मे हा वैशाखी पौर्णिमेचा दिवस होता. त्या दिवशी सकाळी आपल्या विहारांतून पंचशील म्हटले गेले, आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास वाळवंटातील जमीन हादरली.